धुराची गाळणी आणि खर्चाची टोलवाटोलवी

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी अभ्यासवर्गात मोटारगाडीच्या एका सुट्या भागावर व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. मोटार ही आजही या देशातील थोड्या कुटुंबांच्याच दारात उभी असते. ज्याच्यापाशी गाडीच नाही, त्याने तिच्या बिघाडाची चिंता का वाहावी? परंतु ज्या भागाविषयी येथे बोलावयाचे आहे, तो मुळात गाडीच्या मालकासाठी बसवलेलाच नाही. तो बसवला आहे तो पायी चालणाऱ्यासाठी, सिग्नलपाशी गजरे विकणाऱ्या मुलीसाठी, हातगाडीवाल्यासाठी, बसथांब्यावर ताटकळणाऱ्या कामगारासाठी. मालकाच्या वाट्याला त्याचा खर्च येतो आणि कटकट येते. लाभ होतो तो रस्त्यावरच्या परक्या माणसाला. सार्वजनिक हिताची वस्तू खासगी मालमत्तेच्या पोटात बसवली, की तिचा भार कोणी वाहायचा हा प्रश्न उभा राहतोच. त्या प्रश्नाचे उत्तर बाजाराने कसे दिले आणि शासनाने ते कसे मान्य केले, हा खरा विषय आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो आणि तो आपोआप पेट घेतो. फवाऱ्याच्या गाभ्यात पुरेशी हवा पोहोचत नाही, तेथे जळण अर्धवट राहते आणि काजळी तयार होते. जुन्या ट्रकमागे दिसणारा काळा लोट तो हाच. पुढे फवाऱ्याचा दाब वाढला, थेंब बारीक झाले, लोट दिसेनासा झाला; कण मात्र संपले नाहीत. ते एका मायक्रॉनहून कितीतरी लहान असतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसासाठी निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात घातले. तेव्हा जो धूर दिसत नाही तो नाही, असे मानण्याची सोय आता उरलेली नाही.

ही काजळी अडवणारे साधन म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. गॅरेजच्या भाषेत डीपीएफ. मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा हा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्यातील नळ्या एकाआड एक अशा बुजवलेल्या असतात, की धूर ज्या नळीत शिरतो तिचे दुसरे टोक बंद असते. त्याला सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जावेच लागते. वायू पार होतो, काजळी भिंतीवर अडकते. वजनाने मोजली तर शंभरातली नव्वदाहून अधिक भाग काजळी येथे थांबते. मालिका उत्पादनाच्या मोटारीत हा फिल्टर प्रथम बसवला तो फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने, २००० साली, आपल्या ६०७ या गाडीत. अभियंत्यांचे हे काम कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

पण गाळणी म्हटली की ती भरणारच. चहाची गाळणी झटकता येते. या गाळणीतील काजळी जागच्या जागी जाळावी लागते. महामार्गावर इंजिनावर भार असला, की धूर पुरेसा तापतो आणि त्यातील नायट्रोजन डायऑक्साइडच्या साह्याने काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागले नाही, तर गाडीतील संगणक स्वतःच जाळण्याचा घाट घालतो. सिलिंडरमध्ये मुख्य ज्वलन झाल्यावर तो थोडे जादा इंधन सोडतो, ते पुढे जाऊन जळते, फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि काजळी जळून जाते. या शुद्धीकरणाला सलग वेगाने चालण्याची साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात.

आता सदाशिव पेठेतून डेक्कनपर्यंत जाणाऱ्या गाडीचा विचार करावा. अंतर दोन-अडीच किलोमीटर, वाटेत सिग्नल, गर्दी, पहिला-दुसरा गिअर. इंजिन धड तापत नाही तोच किल्ली फिरवून ते बंद होते. थंड इंजिन काजळी अधिक टाकते आणि थंड धूर ती जाळू शकत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटा. मुलांना शाळेत सोडणे, मंडई, दवाखाना, बँक असा हा रोजचा फेरा. संगणक शुद्धीकरण सुरू करतो, पाच मिनिटांत गाडी थांबते, काम अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जादा सोडलेले इंधन पुरते जळले नाही, की त्यातील काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. तेल पातळ होते, पातळी वाढते. तेलाची पट्टी ओढून पाहणाऱ्या मालकाला आनंद होतो की गाडी तेल पीत नाही, आणि इकडे बेअरिंगांचे वंगण कमी होत असते. पुढे फलकावर पिवळा दिवा लागतो, मग इंजिन ताकद कमी करून घेते, आणि शेवटी गाडी कंपनीच्या कार्यशाळेत जाते. तेथे यंत्र जोडून सक्तीने काजळी जाळण्याचा प्रयत्न होतो. तोही फसला तर फिल्टर बदला. ही किंमत कित्येक गाड्यांच्या बाबतीत लाखाच्या घरात जाते.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत याचा उपाय लिहिलेला असतो: दिवा लागला की गाडी काही वेळ सलग वेगाने चालवावी. म्हणजे काम असो वा नसो, गाळणीला हवापालट म्हणून खेड-शिवापूरपर्यंत फिरवून आणावे, वर टोलही भरावा. स्वच्छतेच्या साधनाची प्रकृती राखण्यासाठी विनाकारण डिझेल जाळावे, हा तोडगा ज्यांनी छापला त्यांना त्यातील विसंगती कळली नसेल असे नाही. परंतु पुस्तिकेतल्या त्या चार ओळींचे महत्त्व तांत्रिक नसून कायदेशीर आहे. पुढे फिल्टर तुंबला की त्याच ओळींवर बोट ठेवून सांगता येते: दोष गाडीचा नव्हे, तुमच्या वापराचा. आणि वापराचा दोष हमीत बसत नाही.

‘चुकीचा वापर’ हा शब्दप्रयोग येथे जरा तपासून पाहिला पाहिजे. शहरात गाडी शहरातल्या अंतरांसाठी वापरणे हा चुकीचा वापर कसा? जो वापर सर्वसाधारण आहे, विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे, जाहिरातीत उघडपणे दाखवला जातो, तो विक्रीनंतर अपवाद कसा ठरतो? जाहिरातीत तीच गाडी शाळेच्या दारात उभी असते. शोरूममधील तरुण ‘तुमचे रोजचे येणेजाणे किती किलोमीटर?’ असे विचारतो, ते ‘अ‍ॅव्हरेज’ किती पडेल हे सांगण्यासाठी. उत्तर ‘चार’ असे आले, तर ‘मग ही गाडी घेऊ नका’ असे सांगणे त्याच्या नोकरीच्या हिताचे नसते. दोष त्या पगारी तरुणाचा नाही. विक्रीचे लक्ष्य वरून आलेले असते.

शासनाचा वाटा याहून मोठा आहे. युरोपात कर्बवायू कमी व्हावा म्हणून डिझेलला करसवलती मिळाल्या. डिझेल गाडी तेवढ्याच अंतराला कमी इंधन खाते, म्हणून तिचा कर्बवायू कमी. ब्रिटनने २००१ आणि २००२ मध्ये मोटारींवरील कर कर्बवायूच्या मापाशी जोडले आणि पुढच्या दशकात नव्या गाड्यांतील डिझेलचा वाटा सातात एकावरून निम्म्यापर्यंत चढला. घराजवळच्या दुकानात जाणाऱ्या कुटुंबांनीही डिझेल घेतले, कारण कर तसे सांगत होता. मग युरो ५ मानकाने २००९ पासून नव्या नमुन्यांसाठी आणि २०११ पासून सर्व नव्या मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. ती फिल्टरशिवाय गाठणे डिझेल गाडीला जवळपास अशक्य होते. एका कायद्याने माणसाला डिझेलकडे ढकलले, दुसऱ्याने त्या डिझेलमध्ये लांब पल्ल्यावर जगणारी गाळणी बसवली, आणि या दोहोंच्या मध्ये जो उभा होता त्याला कोणीच काही सांगितले नाही.

भारतातील कथा वेगळ्या वाटेने गेली, पण पोहोचली तेथेच. शेतकऱ्याचा पंप, मालाचा ट्रक आणि एसटीची बस यांच्यासाठी डिझेल स्वस्त ठेवले गेले; ते धोरण मुळात योग्य होते. त्या स्वस्ताईवर मोटार उद्योगाने आपली चूल मांडली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे झाले नाहीत. मे २०१२ मध्ये दिल्लीत दोहोंतील फरक लिटरमागे ३० रुपयांहून अधिक होता. त्या काळात विकल्या जाणाऱ्या मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्यावर गेला. शेतकऱ्याच्या नावाने दिलेले अनुदान ऐसपैस मोटारींच्या टाकीत ओतले जाऊ लागले. त्याहून अजब प्रकार जानेवारी २०१३ मध्ये घडला. घाऊक डिझेल घेणाऱ्यांना बाजारभाव लावला गेला आणि त्या घाऊक ग्राहकांत राज्य परिवहन महामंडळे होती. साठ माणसे नेणाऱ्या बसला महाग डिझेल आणि एक माणूस नेणाऱ्या मोटारीला स्वस्त! अनेक महामंडळांनी मग आपल्या बसगाड्या रस्त्यावरच्या किरकोळ पंपांच्या रांगेत उभ्या केल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले तेव्हा हा खेळ संपला. पण तोवर ‘डिझेल म्हणजे काटकसर’ ही समजूत मध्यमवर्गात घट्ट रुजली होती.

त्या समजुतीवर १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ हे मानक येऊन बसले. पाचवी पायरी गाळून चौथीवरून थेट सहावीवर उडी घेण्याचा निर्णय २०१६ च्या जानेवारीत झाला होता. निर्णय स्वागतार्ह होता. इंधनातील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले, मोटारींच्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, आणि नव्या डिझेल मोटारीत फिल्टर अपरिहार्य झाला. मारुती सुझुकीसारख्या सर्वांत मोठ्या कंपनीने त्या वेळी डिझेल मोटारी बंद केल्या. लहान गाडीला हा खर्च पेलणारा नव्हता. ज्यांनी डिझेल चालू ठेवले ते मुख्यतः मोठ्या, उंच गाड्यांचे उत्पादक. त्या गाड्या घेणारा प्रत्येक जण रोज महामार्गावर जात नाही, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. कोणत्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले तरी पुरे.

आणि चाचणी? प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेत गाडी रुळांवर वीस मिनिटे, सुमारे ११ किलोमीटर चालवली जात असे. एप्रिल २०२३ पासून त्यात प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजणीची भर पडली, ही सुधारणाच आहे. परंतु जिच्या धर्तीवर ती आखली गेली ती युरोपातील मोजणी दीड ते दोन तासांच्या सलग प्रवासाची असते, शहर, ग्रामीण रस्ता आणि महामार्ग असे तिन्ही टप्पे त्यात येतात. इतक्या प्रवासात कोणताही फिल्टर खुशाल राहील. रोज चार किलोमीटर चालून थंड होणाऱ्या गाडीचे दोन वर्षांनी काय होते, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलाच जात नाही. जो विचारला जात नाही त्याचे उत्तर शोधण्यावर कोणती कंपनी पैसा खर्च करील?

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न न्यायालयात विचारला गेला. टोयोटाच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांतील फिल्टर यंत्रणेविरुद्ध सुमारे २ लाख ६४ हजार वाहनांच्या वतीने सामूहिक दावा चालला आणि एप्रिल २०२२ मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने ती यंत्रणा सदोष ठरवली. तेथील दोष छोट्या फेऱ्यांचा नव्हता, उलट सतत वेगाने चालवल्यावर उद्भवणारा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु न्यायालयाने लावलेली कसोटी दोन्हीकडे लागू पडणारी आहे: गाडीचा जो वापर सर्वसाधारणपणे अपेक्षित आहे, त्यात यंत्रणा टिकली पाहिजे, टिकली नाही तर तो मालाचा दोष. भरपाई किती, याचा वाद देशाच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या न्यायालयाने त्यावर निकाल दिला.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नव्याने झाला. त्यात उत्पादकाचे दायित्व आले, योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि गैरवापराविषयी इशारा न दिल्यास उत्पादक जबाबदार धरण्याची तरतूद आली. पण त्याच कायद्यात ‘हानी’ची व्याख्या करताना खुद्द वस्तूची हानी तेवढी वगळली आहे. म्हणजे इशारा न दिल्यामुळे माणूस जखमी झाला तर हे दायित्व. फिल्टर तुंबून इंजिन गेले तर त्या प्रकरणाखाली काही नाही, मालातील दोषाची वेगळी तक्रार करावी आणि दोष सिद्ध करीत बसावे. दोष सिद्ध करायला लागणारी सारी माहिती मात्र गाडीच्या संगणकात आणि कंपनीच्या कार्यशाळेत बंद!

अशा स्थितीत मालक काय करतो? लाखाचा फिल्टर घेण्यापेक्षा तो ओळखीच्या गॅरेजमध्ये जातो. मेस्त्री फिल्टर सोडवतो, आतला सिरॅमिकचा ठोकळा फोडून काढतो, डबा पुन्हा जागेवर बसवतो आणि संगणकाला फिल्टरचा विसर पाडतो. गाडी झकास पळू लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असल्या फेरफाराला मनाई करते. पण बाहेरून डबा तसाच दिसतो. पीयूसीच्या तपासणीत धुराची अपारदर्शकता पाहतात, कण मोजत नाहीत. आधुनिक इंजिनाचा धूर फिल्टर नसतानाही डोळ्याला आणि त्या यंत्राला जवळजवळ स्वच्छच दिसतो. गाडी सुखाने उत्तीर्ण होते.

येथे हिशेब पुरा होतो. कंपनीने खर्च मालकावर टाकला, मालकाने तो रस्त्यावर टाकला. खासगी उद्योग आपला खर्च तिसऱ्याच्या अंगावर कसा ढकलतो, हे के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच सविस्तर मांडले होते. तो तिसरा कोण, ते आरंभी सांगितलेच आहे.

काही मित्र म्हणतील, मोटारवाल्याची एवढी वकिली कशाला? त्याला दंड करा. दंड झालाच पाहिजे. पण कायदा मोडणे हाच ज्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त मार्ग आहे, तेथे नुसता दंड वाढवला तर गॅरेजवाल्याची मजुरी वाढते, एवढेच होते. शिवाय हा मालक नेहमी धनिकच असतो असे नाही. पहिला मालक तीन-चार वर्षांत गाडी विकून मोकळा होतो. ती घेतो निवृत्त शिक्षक, छोटा दुकानदार, तालुक्याच्या गावी भाड्याने गाडी चालवणारा तरुण. त्याला चकचकीत रंग दिसतो. आत राखेने भरत आलेला फिल्टर दिसत नाही. राख जाळता येत नाही, ती साठतच जाते. जळालेल्या इंजिन ऑइलमधून ती येते, म्हणून या गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. पण ते महाग असते आणि नाक्यावरच्या दुकानात मिळेलच असे नाही.

दुसरे काही मित्र म्हणतील, विजेच्या गाड्या आल्या, प्रश्न संपला. आज विकली जाणारी डिझेल गाडी पुढची दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहणार आहे. तोवर श्वास घ्यायचा की नाही?

मूळ प्रश्न तीन किलोमीटरच्या प्रवासासाठी दोन टनांचे यंत्र का लागावे, हाच आहे. यंत्राचे आकारमान हा राजकीय प्रश्न आहे, हे डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरताना १९५० च्या दशकातच सांगितले होते. हीच गाळणी बसमध्ये बसवली तर तिची वागणूक बदलते. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या बसचे इंजिन थंड होत नाही. अडचण आली तर आगारात यंत्रशाळा असते, रात्री बस उभी करून काजळी जाळता येते, राख साफ करणारे प्रशिक्षित हात असतात. त्या एका गाळणीमागे दिवसाकाठी शेकडो माणसे प्रवास करतात. परंतु पुण्यासारख्या शहरात बस कधी येईल याचा भरवसा नसतो, पदपथ वाहनांनी अडलेले असतात, आणि ज्या शहराची ओळख एके काळी सायकली होती तेथे सायकल चालवणे हे आज धाडस ठरते. तीन किलोमीटरसाठी गाडी काढणारा माणूस हौसेनेच काढतो असे नव्हे.

तोवर करण्यासारखे बरेच आहे आणि ते नवीन शोधून काढायचेही नाही. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून नियतकालिक तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले. इंजिन नुसते चालू ठेवून नळीत शोधक घालायचा. नेदरलँड्समध्ये घनसेंटिमीटरला दहा लाख कणांहून अधिक भरले की गाडी नापास, जर्मनीत अडीच लाखांहून अधिक. पोकळ डबा तेथे क्षणात उघडा पडतो. ब्रिटनने तर २०१४ पासूनच, फिल्टर काढलेला आढळला की गाडी तपासणीत नापास करण्याचा नियम केला. हे यंत्र प्रत्येक पीयूसी केंद्रावर लगेच येणार नाही, पण परिवहन कार्यालयाच्या योग्यता तपासणीत त्याचा आरंभ करता येईल.

त्याच्या जोडीला विक्रीच्या वेळची जबाबदारी निश्चित व्हावी. रोजचा प्रवास ठरावीक अंतराहून कमी असेल तर ही गाडी घेऊ नये, हा इशारा पुस्तिकेच्या मागच्या पानावर नको. किंमत जेथे लिहितात तेथे, मराठीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत हवा. तसा इशारा न देता विकलेल्या गाडीचा फिल्टर शहरी वापराने तुंबला, तर तो हमीत धरावा. आणि जुनी गाडी हस्तांतरित होताना फिल्टरमध्ये राख किती साठली आहे व शेवटचे शुद्धीकरण पुरे केव्हा झाले, हे दोन आकडे कागदावर आले पाहिजेत. गाडीचा संगणक या दोन्हींचा हिशेब ठेवतो. तपासणीचे यंत्र जोडले की ते काही मिनिटांत वाचता येतात.